कोंबडं झाकलं तरी...

बंगळुरूत माणूस आजारी पडला की शेजारी विचारतात, "कुठल्या हॉस्पिटलात?" कोंबडा आजारी पडला की विचारतात, "रविवारी का?" बाजीराव घरी आल्यापासून मला हा प्रश्न लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि एकदा तर देवळाच्या रांगेतही ऐकावा लागला.

बाजीराव म्हणजे स्कूटरच्या हँडलला उलटं टांगून बाजाराला निघालेल्या जथ्यातून गतिरोधकावर निसटलेला तांबडा गावठी कोंबडा. पाय मोडलेला. इथे गावठी कोंबडीला 'नाटी कोळी' म्हणतात, आणि रागी मुद्द्यासोबत (नाचणीच्या गोळ्यासोबत) तिचं सारू, म्हणजे रस्सा, म्हटलं की पुढचं बोलणं खुंटलं. त्यामुळे त्याच्याकडे वळणाऱ्या प्रत्येक नजरेत मला पातेलंच दिसायचं. निदान मराठी मित्राला तरी पाझर फुटेल म्हटलं, तर पठ्ठ्याने पेशंटच्या समोर बसून जयनगरच्या शिवाजी मिलिटरी हॉटेलातल्या दोन्ने (द्रोणातल्या) बिर्याणीचं साग्रसंगीत वर्णन केलं.

हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याला दाखवायला नेलं. रांगेत लॅब्रॅडॉर, पोमेरेनियन, एक रुसलेलं पर्शियन मांजर, आणि माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला हा. डोळ्यांपुढे अंधार केला की पक्षी शांत राहतो, म्हणून टॉवेल डोक्यावरून. "पॅरट?" शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं. उत्तर टॉवेलातूनच आलं. बाईंनी मांजर उचलून दुसऱ्या खुर्चीवर नेलं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. हसतील कसे? आपल्याकडे खेडोपाडी अंगणात फिरणारी 'गिरीराज' कोंबडी याच हेब्बाळात जन्माला आली. त्यांनी पायाला कामटी बांधली, माणसाच्या गोळ्या द्यायच्या नाहीत अशी तंबी दिली आणि सांगितलं, "पक्ष्याचं हाड लवकर सांधतं. तीनेक आठवडे हिंडू देऊ नका."

मग मायक्रोवेव्हच्या खोक्यात जुनी धोतरं अंथरून बाजीराव जावयाच्या थाटात विराजमान झाले. "हे असलं माझ्या घरात चालायचं नाही," असं आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. आठवड्याभरात तीच मला ओरडत होती, "अरे, कोरड्या कण्या काय घालतोस? गिळवत नाहीत त्याला!" पाणी पाजायचं तर चोचीच्या कडेने, थेंब थेंब. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. घशात ओतलं की ठसका ठरलेला. पाणी प्यायल्यावर तो मान उंच करायचा आणि खालची पापणी वर ओढून डोळे मिटायचा. तेवढ्यावर आई खूश. रोज सकाळी त्याचा तुरा बघायचा: फिकट म्हणजे काळजी, लाल म्हणजे प्रगती. आमच्या रक्तदाबाची एवढी नोंद घरात कुणी ठेवली नव्हती.

तुरा लालभडक झाला आणि एका पहाटे चार वाजता बाजीरावांनी बांग दिली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वरच्या मजल्यावरच्यांच्याही आलं असावं, पण ते निराळ्या कारणाने.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपले पूर्वज सांगून गेले. झाकलेलं कोंबडं आरवायचं राहतं का, हे त्यांनी सांगितलं नाही. मी टोपली घातली, वर घोंगडी घातली. उपयोग शून्य. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्येच दाखवून दिलंय की कोंबड्याला पहाट दिसावी लागत नाही. त्याच्या अंगातलं घड्याळच त्याला आरवायला लावतं. सोसायटीच्या ग्रुपवर मी हे शास्त्र टाकलं. शिवाय फ्रान्समध्ये मॉरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी खटला भरला आणि 2019 मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, तेही टाकलं. सेक्रेटरींचं उत्तर एका ओळीचं होतं: "सार, हे फ्रान्स नाही, थर्ड फ्लोअर आहे."

शेवटी आमच्या कामवाल्या बाईंच्या भावाने त्याला दोड्डबळ्ळापूरच्या शेतावर नेलं. सारू करणार नाही, अशी आईने त्याच्याकडून देवाची शपथ घेतली. तिथे आता बाजीरावांचा जनाना मोठा आहे, असं कळतं.

तेव्हा वाचकहो, जखमी कोंबडा सापडला तर खुशाल घरी आणा. डॉक्टर मिळतो, कण्या परवडतात, आईही वितळते. फक्त त्याचा तुरा लाल व्हायच्या आत अंगणवाला माणूस शोधून ठेवा. फ्लॅटमध्ये आजारी कोंबडा खपतो, बरा झालेला खपत नाही.