विमान उडवण्याआधी अकरावीचा फॉर्म

परभणी जिल्ह्यातल्या ज्या मुलामुलींना हवाई दलाचं लढाऊ विमान चालवायचंय आणि ज्यांनी हे अजून घरी सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. जिल्ह्यात विमानतळ नाही, ही अडचण मानू नये. जवळचा विमानतळ नांदेडला, तिथेही सुखोई उभं नसतं.

पायरी पहिली: पळणं थांबवा. पहाटे पाचला जिंतूर रोडवर, वसमत रोडवर, गंगाखेड रोडवर अर्धा जिल्हा पळत असतो. बहुतेकांना पोलीस भरतीचे १६०० मीटर गाठायचे असतात, काहींना अग्निवीर व्हायचं असतं. दोन्ही कामं इज्जतीची आहेत, पण त्या वाटेनं कॉकपिट येत नाही. अग्निवीरवायू चार वर्षांसाठी भरती होतो आणि तो अधिकारी नसतो. वैमानिक मात्र अधिकारीच असतो आणि त्याची निवड वेगळ्या दारानं होते. गावात हा भेद कुणी पाळत नाही. "पोरगं एअर फोर्समध्ये लागलं" म्हटलं की ते विमानच चालवतं, असं पारावर ठरतं. तुम्ही तेवढं ठरवू नका.

पायरी दुसरी: अकरावीचा फॉर्म. खरं उड्डाण इथे होतं किंवा इथेच रद्द होतं. दहावीला नव्वद टक्के पडले की मामा, आत्या आणि शेजारचे गुरुजी मिळून तुम्हाला लातूरला पाठवतात, कारण लातूर म्हणजे नीट आणि नीट म्हणजे डॉक्टर. तिथे गणित सोडून जीवशास्त्र घेतलंत की हवाई दलाचं दार बंद. ते आवाज न करता बंद होतं, म्हणून कळत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. आपल्याकडे धाडस कमी पडून कुणी मागे राहिलेलं मी पाहिलं नाही. माहिती उशिरा पोचते एवढंच, आणि उशिरा म्हणजे बहुधा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला.

दहावीच्या आसपासच चौकशी केलीत तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, कानावर पडेल. राज्य सरकारची ही संस्था १९७७ पासून आहे. लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुलं निवडतात आणि अकरावी-बारावी करता करता एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली.

पायरी तिसरी: वय. एनडीएसाठी साडेसोळा ते साडेएकोणीस. आता दहावीची सनद काढा आणि जन्मतारीख बघा. १ जून असेल तर ती तुमची नाही, शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींची आहे. ही पद्धत आता कमी झाली असली तरी संपलेली नाही. आजी सांगते, "तू पोळ्याच्या आदल्या दिशी झालास," पण परीक्षा घेणारा केंद्रीय लोकसेवा आयोग आजीला विचारत नाही. सनदेवरचीच तारीख धरतो. गुरुजींनी तुम्हाला दहा महिने आधी जन्माला घातलं असेल तर तेवढे महिने गेले.

लेखी परीक्षा वर्षातून दोनदा. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००. इंग्रजी या दुसऱ्या पेपरात असतं, त्याला भ्या पण पळू नका. पुढे एसएसबीचे ९०० गुण, म्हणजे निम्मा निकाल कागदावर नाहीच. प्रत्येक खेपेला हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी जागा साधारण ९२. हा आकडा घरी सांगू नये.

एसएसबी म्हणजे पाच दिवसांची मुलाखत. हवाई दलाची केंद्रं डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी आहेत. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्याच्यावर गोष्ट लिहायला सांगतात. क्लासवाल्यांनी पाठ करून दिलेली गोष्ट इथे लिहू नये. तिच्यात एक होतकरू तरुण असतो, गावात पूर येतो, तो मित्रांना गोळा करतो, सगळ्यांना वाचवतो आणि जाता जाता रक्तदान शिबिरही घेतो. परीक्षकांच्या टेबलावर त्या दिवशी असे अनेक पूर आलेले असतात. पुढच्या परीक्षेत एकेक शब्द दाखवून पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं असतं, असे साठ शब्द. पंधरा सेकंदांत माणूस फार खोटं बोलू शकत नाही. ही परीक्षा त्याच भरवशावर उभी आहे.

मुलाखतीत जिल्ह्याबद्दल विचारतातच. "आमचं परभणी मागास आहे" असं सुरू करू नका. कृषी विद्यापीठ १९७२ चं, ज्वारीची 'परभणी मोती' आणि भेंडीची 'परभणी क्रांती' ही वाणं तिथली, येलदरी धरण पूर्णा नदीवर, संत जनाबाई गंगाखेडच्या, एवढं तोंडात असावं. भेंडीवर पाच मिनिटं ठामपणे बोलणारा उमेदवार सहसा लक्षात राहतो. साईबाबांचा जन्म पाथरीचा की नाही, हा विषय मात्र स्वतःहून काढू नये.

पायलटसाठी आणखी एक परीक्षा असते, सीपीएसएस. यंत्रासमोर बसवतात; हाताखाली दांडा, पायाखाली पेडल, समोर हलणारं चित्र आणि कानात सूचना, सगळं एकदम. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर वैमानिक म्हणून पुन्हा बोलावणं नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला तिच्यात फायदा होतो का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. वडिलांची परवानगी असेल तर चालवून बघायला हरकत नाही.

मग वैद्यकीय तपासणी, आणि इथे शिंप्याकडे जायची वेळ येते. उंची किमान १६२.५ सेंटीमीटर. बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६. पायाची लांबी ९९ ते १२०. मांडी ६४ च्या आत, कारण आणीबाणीत खुर्चीसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटले तर पाय तिथेच राहतील. शिंपी विचारेल, "पँट शिवायची का?" त्याला हो म्हणा आणि मापं लिहून घ्या. रंगांधळेपणा चालत नाही. आणि मानेवर 'आई' किंवा छातीवर महाराज गोंदवायचा बेत असेल तर थांबा: कायमचं गोंदण फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला किंवा हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला चालतं. महाराज रागावणार नाहीत.

इथून पुढे तुम्हाला माझी गरज नाही. खडकवासल्याला तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत पिलाटस पीसी-७ वर सुरुवात. तिथे लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर अशा वाटा फुटतात. लढाऊवाल्यांपैकी बरेच जण हॉक विमान शिकायला बीदरला जातात. हे बीदर आपल्याच परळी-उदगीर रेल्वेमार्गावर, निझामाच्या राज्यात आपल्याबरोबर राहिलेलं. म्हणजे इतकं सगळं करून तुम्ही परभणीच्या गाडीनं पोचता येईल अशाच गावी येता.

"आपल्याकडचं कुणी गेलंय का?" हा प्रश्न घरी हमखास येईल. २०२१ ते २०२४ या काळात हवाई दलाचे प्रमुख असलेले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी मूळचे शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या हस्तऱ्याचे, आणि स्वतः लढाऊ वैमानिक. मुलीच्या घरी हे पुरत नाही, तिथे आणखी सांगा: नागपूरची अंतरा मेहता २०१९ मध्ये लढाऊ वैमानिक झाली आणि एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

खर्चाचं विचारलं तर खासगी पायलट होण्याचा आकडा आधी सांगा. तो कित्येक लाखांच्या घरात असतो. ऐकून वडील जमिनीकडे बघू लागतात. मग एनडीएच्या अर्जाचं शुल्क सांगा: १०० रुपये. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तेही नाही. शिक्षणाचा खर्च सरकारचा, आणि दुंडीगलला तर महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन.

नाही जमलं तर? बनी तो बनी, नहीं तो परभणी, असं आपल्याकडे म्हणतातच. पण परत येण्याआधी पदवी घ्या, कारण २० ते २४ वयात एएफसीएटी नावाचं दुसरं दार उघडं असतं. बारावीचं गणित तिथेही मागतात.

शेवटी एक सूचना, जी कुठल्याही अधिकृत पुस्तिकेत सापडणार नाही. वैमानिक झाल्यावर चुलते फोन करतील: "एकदा आपल्या वावरावरून काढ की खालून." काढू नका. विनापरवाना खालून विमान नेणाऱ्याची नोकरी जाते, आणि सोयाबीन तसंही त्यांना वरून कसं दिसतं ते ड्रोनवाल्याकडून बघता येईल.