दोन तासांची दिल्ली

कळवणला आमच्या गल्लीत विमानाचा जाणकार म्हणजे मी. मुलगी दिल्लीला नोकरीला लागली आणि हा मान आपसूक माझ्याकडे चालत आला. मीही तो नाकारला नाही. कुणाचं पोरगं बंगळूरला निघालं, की त्याची आई विचारायला येते, "भाऊ, किती वेळ लागतो हो?" मी घसा साफ करतो. नाशिकचं ओझर विमानतळ ते दिल्ली सरळ रेषेत हजारेक किलोमीटर, विमानाला दोन तास. वर एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, हेही सांगून टाकतो. बंगळूरचं राहूनच जातं. बॅगेवरची विमानतळाची पट्टी मी फाडत नाही. आठवडे बाजारात मेथी आणायला तीच बॅग नेतो.

आता कळवण ते ओझर. अंतर साठ-सत्तर किलोमीटर, वेळ तोच, दोन तास.

कारण कांद्याची ट्रॉली. नांदुरी मागे पडली, वणी गेली, की ती पुढ्यात येतेच. मडगार्डवर मफलर गुंडाळलेला एक पोरगा, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. ट्रॅक्टरवाल्याचं सगळं चित्त पिंपळगावच्या लिलावात आज काय भाव फुटतो तिकडे. खड्डा आला की ट्रॉली डुलते, दोन-चार कांदे उडी मारतात, पोरगा हळहळून मागे बघतो. मग मला हात करतो, 'काढा, काढा.' मी गाडी बाहेर काढतो, तोच समोरून एसटी. पुन्हा ट्रॉलीमागे. त्याला बाजार गाठायचाय, मला विमान, आणि दोघंही ताशी वीसच्या वेगानं. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. आवाजाच्या दुप्पट वेगानं उडणारी मिग-२१ तिथे तयार झाली. त्या ओझरला आम्ही कांद्याच्या चालीनं पोचतो.

पण या रस्त्याचं हसू येतं ते विमान गाठायचं असतं तेव्हाच. रात्री-बेरात्री तालुक्याचे डॉक्टर "नाशिकला हलवा" म्हणतात, तेव्हा खड्डे तेच असतात. वडिलांना नेलं त्या रात्री आई दर वळणाला विचारत होती, "किती राहिलं रे?" साऱ्या गल्लीला दिल्लीचं अंतर सांगणारा मी, नुसता ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसलो होतो. दोन विमानतळांमधली वेळ तिकिटावर मिनिटासकट छापतात. कळवणच्या खाटेपासून नाशिकच्या खाटेपर्यंतची कुणी छापावी?

असो. परवा लेकीला ओझरला सोडलं. परतताना वणीत भजी तळताना दिसली, थांबलो. पहिला घाणा पुरेना, म्हणून दुसरा सांगितला. मिरची दाताखाली आली आणि नेमका फोन वाजला.

"बाबा, दिल्लीला उतरले. तुम्ही पोचलात ना घरी?"

"केव्हाच!" मी म्हणालो. मागे ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, तेव्हा फोनवर हात धरला.