फ्लेअरभाऊ

निफाड तालुक्यात माणूस ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. द्राक्षवाला आभाळाकडे बघत बोलतो, कांदेवाला मोबाइलवर लासलगावचा भाव बघत. अलीकडे सायखेड्याच्या बाजूला तिसरा प्रकार दिसू लागला आहे. हा समोरच्याच्या सायकलचं हँडल बघत बोलतो. तुम्ही ख्यालीखुशाली विचारा, याची नजर तुमच्या मुठींवर. "चव्वेचाळीस ना हा? वर मोजलाय की खाली टोकांना?"

याला फ्लेअरभाऊ म्हणू. वय तिशीच्या पुढे, घरची द्राक्षबाग, ओझर किंवा अंबडला नोकरी आणि पडवीत चादरीखाली झाकलेली ग्रॅव्हल बाइक, म्हणजे रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल आणि कच्च्या रस्त्यासाठी चाळीस मिलिमीटरच्या आसपासचे जाड टायर. कामावर तो मोटरसायकलने जातो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सायकल आली तेव्हा तिला हँडल होतंच. चांगलं होतं. पण त्याचे खालचे बाक सरळ उभे होते, बाहेर फाकलेले नव्हते. हे बाक खाली उतरताना जितके बाहेर झुकतात, तो फ्लेअर. वडिलांनी मोबाइलवरचं चित्र चष्मा वर सारून पाहिलं आणि म्हणाले, "ही तर खिल्लारी बैलाची शिंगं." याहून चांगली व्याख्या सायकल कंपन्यांनाही जमलेली नाही. मग मुलाने समजावलं, की बारा डिग्रीचा मिळतो, सोळाचा मिळतो, चोवीसचाही मिळतो. म्हातारा दचकला. "अरे बाबा, तुझ्या एका डिग्रीपायी वावर गहाण पडलं होतं. आता सोळा कुठून आणू?"

फ्लेअरचा फायदा मात्र खरा आहे. खडीच्या उतारावर हात खाली आणि रुंद धरले की पुढचं चाक हातात राहतं, मनगटं वरच्या दांडीला घासत नाहीत, मधल्या जागेत पुढची पिशवीही मावते. कल्पनाही आजची नव्हे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत चार्ली कनिंगहॅमसारखे कारागीर १९८० च्या दशकातच डोंगरातल्या सायकलींना असली फाकलेली हँडलं लावत होते. जॉन टोमॅक १९९० मध्ये माउंटन बाइकच्या शर्यतींत खाली वळलेलं हँडल घेऊन उतरला होता. फ्लेअरभाऊ ही नावं कुलदैवतासारखी घेतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पुरी केली, तेव्हापासून जिल्ह्यात सायकलीचं वारं आहे. पण तो दाखला दिला की फ्लेअरभाऊ हसतो. "तो सगळा डांबरी रस्ता हो." जवळजवळ ४,८०० किलोमीटर, पण डांबरी!

नव्या हँडलच्या निवडीला सुरुवात पावसाळ्यात होते, कारण तेव्हा सायकल चालवायची सोय नसते. गंगापूर धरणातून जास्त पाणी सोडलं की चांदोरी-सायखेड्याला गोदावरी घरात येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आली होती तशी. माणसं सामान माळ्यावर चढवतात. फ्लेअरभाऊही चढवतो, पण आधी सायकल.

मग तो खांदे मोजतो. शिवणाच्या टेपने, बायकोकडून, एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत. पहिल्यांदा बेचाळीस सेंटिमीटर भरतात, जेवणानंतर त्रेचाळीस. आता बार, म्हणजे हँडल, कोणत्या कंपनीचा? साल्साचा काउबेल बारा अंशांचा, ईस्टनचा एएक्स सोळाचा, रिची व्हेंचरमॅक्स आणि साल्सा काउचिपर चोवीसचे. तो कागदावर त्रिकोण काढतो. बाकाची खोली ११५ मिलिमीटर धरली तर वर चव्वेचाळीस सेंटिमीटर असलेला बार सोळा अंशांत खाली साधारण साडेपन्नास होतो, चोवीसात चोपन्न. दहावीत ज्या टॅन थीटाने त्याला रडवलं होतं, त्याला तो आता मध्यरात्री आपण होऊन हाक मारतो. बागेत गोडी बहार छाटणीची मजुरांची टोळी येऊन उभी असते आणि मालक पुठ्ठ्याचं हँडल कापून हवेत धरून बसलेला असतो.

सेहेचाळीस सेंटिमीटर आणि चोवीस अंश असं जवळजवळ ठरतं. तेवढ्यात त्याला कळतं, की युरोपातले शर्यतवाले उलट अरुंद बारांकडे वळलेत. वर हात जवळजवळ, म्हणजे वारा कमी लागतो. खाली फ्लेअर, म्हणजे ताबा सुटत नाही. हा अरुंदपणा इतका वाढला की जागतिक सायकल संघटनेला २०२३ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींत बार किमान ३५० मिलिमीटर रुंद हवा, असा नियम करावा लागला. फ्लेअरभाऊ दोन दिवस जेवत नाही. सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याचे ट्रॅक्टर चुकवताना वाऱ्याचा विरोध किती, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही. विचारला तर त्याच्याकडे उत्तर आहे.

शेवटी बार येतो, चोवीस अंशांचाच. आणि मग उघड होतं ते कागदावरच्या त्रिकोणात नव्हतं. बार लांबला, म्हणून गुंडाळायची टेप टोकाशी येता येता संपते. हायड्रॉलिक ब्रेकची नळी ताणली जाते. फ्लेअर जास्त, म्हणून गिअरचे लिव्हरही तिरके होतात. हात वर ठेवले की मनगटं आत मुरडतात, आणि वेळेचा बहुतेक भाग हात वरच असतात. गावातल्या सायकलवाल्याने उभ्या हयातीत काळ्या सायकलींची हँडलं पायांच्या बेचक्यात चाक धरून सरळ केलेली. तो हे प्रकरण चहूबाजूंनी बघतो आणि विचारतो, "धडकली का कुठं?"

तरीही एका रविवारी तो नांदूर मध्यमेश्वरला जातो. तिथे गोदावरी आणि कादवा मिळतात, बंधाऱ्यातून डावा-उजवा कालवा निघतो, आणि कालव्याकडेचा मुरमाचा रस्ता ग्रॅव्हल बाइकसाठीच आखल्यासारखा आहे. तिथल्या पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा रामसर दर्जा २०२० मध्ये जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिला. हिवाळ्यात दुर्बिणी लावून माणसं बदकं बघतात. फ्लेअरभाऊ त्यांच्यासमोर बाकांत हात घालून, कोपरं फाकवून, झपाट्याने जातो. पक्षी उडतात. दुर्बिणी खाली येतात. या एका क्षणासाठी सहा महिने गेले म्हटलं तरी तो नाकबूल होणार नाही.

परत येईपर्यंत त्याचे तळहात बधिर होतात. त्याचं कारण फ्लेअर नसून टायरमधली हवा असते. पंपाच्या काट्यावर ती पाहिजे त्याच्या दीडपट निघते, कारण घट्ट टायर जोरात पळतो हे काळ्या सायकलीपासून त्याच्या डोक्यात बसलेलं. हवा कमी केली की निम्मा त्रास जागच्या जागी संपतो, फुकट.

तेव्हा निफाड-सिन्नरच्या कच्च्या वाटांवर सायकल घालणाऱ्याने रुंदी खांद्याइतकी किंवा फार तर दोन सेंटिमीटर जास्त घ्यावी, फ्लेअर बारा ते सोळा अंश, आणि उरलेल्या पैशांत टायर चांगले. आणि ही निवड फ्लेअरभाऊला विचारून करू नका. तो सध्या बारा अंशांचा बार बघतो आहे.