आपोआप काही होत नाही

कोणाची हार्ड डिस्क गेली की अण्णांना बोलावणं जातं. अण्णा आले की चपला काढायच्या आतच यजमान सांगतो, "मी काहीच नाही केलं हो अण्णा, आपोआप बंद पडली." अण्णा चष्मा कपाळावर सरकवतात, सोफ्याच्या कडेला टेकतात आणि म्हणतात, "आपोआप काही होत नाही." हे वाक्य ते इतक्या शांतपणे टाकतात की ज्याने खरोखर काही केलेलं नसतं, तोसुद्धा आपण नेमकं काय केलं ते आठवायला लागतो.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत हे अण्णा आहेत, तसे ते तुमच्याकडेही असणार. तुम्ही त्यांना काका म्हणत असाल किंवा भाऊ. सरकारी खात्यातून निवृत्त. खात्यात पहिला संगणक आला तेव्हा साहेबांनी "तुम्ही सायन्सचे ना?" एवढंच विचारून तो त्यांच्या टेबलावर ठेवला, आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर अख्ख्या कार्यालयाचं पगारपत्रक सांभाळता सांभाळता अण्णांचा माणसांवरचा विश्वास उडाला. वस्तूंवरचा शाबूत आहे. खिशात पेनाच्या शेजारी स्टार स्क्रूड्रायव्हर असतो. पेन कधी कधी चालत नाही.

त्यांची तपासणी यंत्रापासून सुरू होत नाही, घरच्यांपासून होते.

"शेवटची कधी चालली?"

"काल रात्री."

"मग?"

"मग काही नाही. सकाळी बंद."

"आणि मधल्या वेळात?"

इथे घरातला धाकटा मोबाइलमध्ये डोकं खुपसतो. अण्णांना तेवढं पुरतं. ते डिस्क हातात घेऊन चारही कोपरे निरखतात, एका कोपऱ्याला आलेला पोचा अंगठ्याने चाचपतात आणि विचारतात, "शोकेसवरून पडली की टेबलावरून?" मग हळूहळू घराचं तोंड उघडतं. टेबलावरूनच पडली, पण "हळू" पडली. सिनेमा चालू होता, वायर पायात आली.

हळू पडणं म्हणजे काय, हे अण्णा मग समजावून सांगतात. आतली तबकडी मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारत असते आणि वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस तिथे पन्नास हजार नॅनोमीटरच्या पुढे जातो. एवढ्या अंतरात "हळू" बसत नाही. मग ते डिस्क जोडतात, पंखा बंद करायला लावतात, हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. टक्. टक्. टक्. तिसऱ्या टक्‌ला अण्णा वायर उपसून काढतात. टोकाला आपली जागा सापडत नाहीये. आणखी फिरवली तर तबकडीच खरवडून निघेल. "हिला मी हात लावणार नाही. डेटा रिकव्हरीच्या लॅबला द्या. धूळ नसलेल्या खोलीत उघडतात."

"किती घेतील?"

अण्णा अंदाज सांगतात. आकडा ऐकल्यावर घरात जे घडतं त्यासाठीच अण्णा हा उद्योग करत असावेत, असा मला संशय आहे. पाच मिनिटांपूर्वी त्या डिस्कमध्ये मुंज होती, डोहाळजेवण होतं, आजोबांच्या आवाजातलं अथर्वशीर्ष होतं. आकडा कानावर पडताच यजमान म्हणतो, "तसं त्यात विशेष काही नव्हतंच म्हणा." अण्णा मान हलवतात, चहा संपवतात, आणि मेलेली डिस्क "टाकूनच देणार असाल तर" म्हणून पिशवीत घालतात.

घरगुती उपायांवर त्यांचा दात आहे. बी-विंगमधल्या वहिनींनी कुठलासा फॉरवर्ड वाचून बंद पडलेली डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये, मटारच्या पाकिटाशेजारी ठेवली. सकाळी ती बाहेर काढली तेव्हा तिला घाम फुटला होता. अण्णांना बोलावलं तेव्हा अण्णांना. थंड धातूवर बाष्प धरतं आणि हार्ड डिस्कला हवेचं एक बारीकसं छिद्र असतं. "हे भोक झाकू नका" असं त्याच्या शेजारी कंपनीने इंग्रजीत छापलेलं असतं. वहिनींनी नेमकं त्याच्यावर आपलं नाव आणि फ्लॅट नंबर लिहिलेलं लेबल चिकटवलं होतं, म्हणजे हरवू नये. अण्णांनी ते लेबल नखाने सोलून काढलं, घडी करून वहिनींच्या हातात ठेवलं. बोलले काहीच नाहीत. वहिनी अजून तो अपमान विसरलेल्या नाहीत.

दुसरा दात पुतण्यांवर. प्रत्येक घरात एक इंजिनिअर पुतण्या असतो आणि तो फोनवरून सांगतो, "चेकडिस्क मार." चेकडिस्क निरोगी डिस्कवर ठीक, मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर चालवली तर ती तिला शेवटपर्यंत खणून काढते आणि दुरुस्तीच्या नावाखाली फायलींचे दुवे तोडते. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची, मूळ बाजूला ठेवायचं आणि जे काय करायचं ते प्रतीवर करायचं, हा अण्णांचा नियम. पुतण्याला तेवढा वेळ नसतो. त्याची मीटिंग असते.

पण अण्णांच्या खऱ्या रागाला पात्र आहे ती एक चौकट. पेनड्राइव्ह लावला की कधी कधी विंडोज विचारतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? प्रश्न अगदी अदबीने विचारलेला असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी "हो" म्हटलं. अशिलाला प्रत्येक कागद दोनदा वाचायला लावणारा हा माणूस, पण पडद्यावरची चौकट न वाचता मोकळा झाला. वर त्यावर दोन-चार नवीन फायली टाकून "आता चालतोय" असं समाधानही करून घेतलं. अण्णांनी कपाळाला हात लावला तो त्या दोन-चार फायलींसाठी. झटपट फॉरमॅटमध्ये नुसती अनुक्रमणिका कोरी होते, मजकूर जागच्या जागी असतो. त्याच्यावर नवीन काही लिहिलं की मात्र तेवढा तुकडा कायमचा जातो. अण्णांनी फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम रात्रभर चालवला आणि सकाळी हजारो फायली परत आल्या. फक्त त्यांची नावं आली नाहीत. प्रत्येक फाइलला एक इंग्रजी एफ आणि पुढे लांबलचक आकडा. वकीलसाहेबांची प्रतिज्ञापत्रं आणि मेहुणीच्या लग्नाचे फोटो एकाच पंगतीला. त्यानंतर अनेक रविवार ते बाल्कनीत बसून एकेक फाइल उघडून पाहताना दिसायचे. विचारलं की म्हणायचे, "काम आहे थोडं."

अण्णांच्या सभ्यतेबद्दल मात्र सांगायला हवं. एका घरात परत मिळवलेल्या फोल्डरचं नाव होतं "टॅक्स २०११" आणि त्याचा आकार होता ४० जीबी. बायको शेजारीच उभी होती. अण्णांनी पडद्याकडे पाहिलं, यजमानाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सगळं परत आलंय. मी उघडून पाहिलेलं नाही. कर वेळेवर भरत चला."

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तर त्यांच्यावरच किटाळ आलं होतं. सीसीटीव्हीसाठी १ टीबीची डिस्क अण्णांनी स्वतः आणली. दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून, लॅमिंग्टन रोडवरून. (या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. बिलावर तेच हवं म्हणून अण्णांनी दुकानदाराशी हुज्जत घातली होती.) खजिनदारांनी ती संगणकाला लावून पाहिली तर ९३१ जीबी. सभेत त्यांनी उभं राहून विचारलं, "६९ जीबी कुठे गेले?" सभागृहात शांतता. अण्णांनी फळा मागवला. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. वस्तू तेवढीच, मापं दोन. समजावणीला बराच वेळ लागला. शेवटी एक सदस्य म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण बिल कुठल्या मापाने दिलं?" हा मुद्दा इतिवृत्तात नोंदवला गेला आणि पुढच्या सभेपर्यंत तहकूब राहिला. माझ्या माहितीप्रमाणे अजून तहकूबच आहे.

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचंही असंच. जुन्या डिस्कमधून पेजमेकरच्या फायली अण्णांनी सहीसलामत बाहेर काढल्या. उघडल्या तर पानभर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. युनिकोड रुळण्याच्या आधीचं मराठी ते. ज्या फॉन्टमध्ये टाइप झालं तो फॉन्ट नसेल तर अध्यक्षांचं मनोगत असंच दिसणार. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "मी असं लिहिलं नव्हतं." अण्णा म्हणाले, "वाचणाऱ्यांना तेव्हाही फरक पडला नसता." त्यानंतर दोघांत बोलणं नाही.

अण्णांच्या स्वतःच्या घरी काय आहे? तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हा नियम अण्णा संध्येसारखा पाळतात. घराबाहेरची प्रत साताऱ्याला बहिणीकडे स्टीलच्या डब्यात असते आणि दर दिवाळीला भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर बदलली जाते. या तीन प्रतींत काय आहे ते काकूंनी मला सांगितलं: आता घरात नसलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर, विनॅम्प, विंडोज ९८ चा सेटअप, आणि १९९७ सालची पगारपत्रकं. फोटो? फोटो अल्बममध्ये आहेत, कागदावर. फ्रिजवर मेलेल्या डिस्कांमधून काढलेले लोहचुंबक लावलेत, ते इतके जबर आहेत की त्यांच्याखालचं विजेचं बिल फाडल्याशिवाय निघत नाही. कपाटात दोन कोऱ्या डिस्क आहेत. २०११ साली थायलंडला पूर आला, तिथले कारखाने पाण्यात गेले आणि जगभर डिस्क महागल्या. त्या दोन अण्णांनी त्याच्या आधी घेतलेल्या. अजून वापरलेल्या नाहीत.

एवढ्या माणसाला हरवलं ते ए-विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपने. सरांचा लॅपटॉप रात्री अपडेट झाला आणि सकाळी निळा पडदा दाखवून ४८ आकडी किल्ली मागू लागला. सर म्हणाले, "मी काहीच केलं नाही." अण्णा म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी मागचं झाकण उघडलं, बोटाएवढी एसएसडी काढली, दुसऱ्या डबीत घालून आपल्या संगणकाला जोडली. तिथेही तोच प्रश्न. डिस्क ठणठणीत होती, आवाज नाही, पोचा नाही, कोणाची चूक नाही. अण्णा डिस्क घेऊन घरी गेले आणि नंतर काही दिवस खाली दिसले नाहीत.

आले ते पडलेल्या आवाजात. विंडोज ११ च्या नव्या यंत्रात मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की डिस्कला कुलूप लागतं आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. मालकाला वेगळं विचारत नाहीत. पुढे अपडेटने यंत्राच्या मुळाशी काही बदललं की कुलपाला शंका येते, हे घर तेच का? "सर," अण्णा म्हणाले, "तुम्ही खरंच काही केलं नव्हतं." सरांना या कबुलीचं महत्त्व कळलंच नाही. ते म्हणाले, "मग किल्ली कोणाच्या खात्यात?"

ती होती दुकानातल्या पोराच्या खात्यात. "सगळं सेट करून देतो सर" म्हणत त्याने स्वतःच्याच ईमेलने लॉगिन करून दिलं होतं. पोरगा आता हिंजवडीत नोकरीला. त्याने किल्लीचा फोटो पाठवतो म्हटल्यावर अण्णा कडाडले, "किल्ली व्हॉट्सॲपवर पाठवायची नसते. वाच." स्पीकर चालू केला. सहा आकड्यांचा एक गट, असे आठ गट. पोरगा इंग्रजीत वाचू लागला, सर वहीत उतरवू लागले.

"फोर, वन, सेव्हन, वन, नाइन, थ्री."

"यातल्या प्रत्येक गटाला अकराने भाग जातो," अण्णा सहज म्हणाले. "तशीच बनवलेली असते ती."

सरांची पेन्सिल थांबली. छत्तीस वर्षं गणित शिकवलेलं. "चार, सात, नऊ, वीस. एक, एक, तीन, पाच. फरक पंधरा. भाग जात नाही." त्यांनी नऊवर गोल केला. "इथे पाच असेल तर फरक अकरा. बाळ, नाइन की फाइव्ह?"

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग, "सॉरी सर. फाइव्ह."

"कुठल्या शाळेत होतास?"

"तुमच्याच, सर."

"मग उभा राहून वाच."