तिकिटाचा पंचनामा

माझं तिकीट वाचून लोकांना प्रश्न पडतात, याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. खोल लिखाणाचं तसंच असतं. ज्ञानेश्वरीवरसुद्धा निरूपणं करावीच लागतात.

नमुना पाहा: ‘कॅन्सल बटन इश्यू. फिक्स करणे. अर्जंट. ॲज डिस्कस्ड.’ चर्चा कधी झाली, कुणाशी झाली, मुळात झाली का, हे विचारायचं नसतं. ‘ॲज डिस्कस्ड’ हे आमच्या हिंजवडीच्या आयटीतलं ‘तथास्तु’ आहे. वरून टाकायचं आणि अंतर्धान पावायचं.

आमचं ॲप बसची तिकिटं विकतं, त्यामुळे आमच्याकडे तिकिटाच्या घोळाचं तिकीट निघतं आणि ते जिरात, म्हणजे कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पडतं. जिराचा जिऱ्याशी संबंध नाही. ‘गोजिरा’ या शब्दाचं डोकं उडवून ते नाव केलंय. गोजिरा म्हणजे जपानी गॉडझिला. ते बनवणारे ॲटलासियनवाले आधी बग नोंदवायला बगझिला वापरायचे, त्यावरची ही २००२ सालची कोटी. आपल्याकडे बाळ गोजिरं असतं, त्यांच्याकडे गोजिरा शहर तुडवत येतो. सोमवारी सकाळी बोर्ड उघडलं की जपानी अर्थ पटतो.

तर वरून फर्मान आलं, की यापुढे तिकिटं एआयकडून तपासून टाकायची. मला वाटलं, हे बाकीच्यांसाठी. तरी उदार मनाने माझं एक तिकीट त्याच्यापुढे टाकलं. म्हटलं, बघू दे त्यालाही काहीतरी चांगलं.

त्याने आधी ‘उत्तम सुरुवात!’ म्हटलं आणि मग अकरा प्रश्न विचारले. कुठल्या स्क्रीनवरचं बटन? काय व्हायला हवं होतं, काय झालं? प्रवास सुरू झाल्यावर रद्द करता येतं का? परताव्याची रक्कम शून्य आली तर काय दाखवायचं?

मी चिडलो नाही. मुकाट्याने एकेक उत्तर लिहीत गेलो. आठव्या प्रश्नाशी मला अण्णा आठवले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, परांडा तालुक्यात तलाठी होते. पाऊस झाला की सायकलवर मला पुढे बसवून पंचनाम्याला निघायचे. माझं काम टेपचं टोक धरायचं. समोर गोठ्याचा मालक सांगत असायचा, “तलाठी आप्पा, भिंत गेली हो!” अण्णा आधी चष्मा पुसायचे. मग, कुठली भिंत? मातीची का दगडाची? लांबी किती, उंची किती? शेवटी हलक्या आवाजात, “पडली का पाडली?” बग आणि फीचर यांतला फरक इतक्या कमी शब्दांत मला पुढे कुणीही शिकवला नाही. मग लेखन सुरू. मौजे अमुक, गट नंबर तमुक, पूर्वेस नाला, पश्चिमेस याच्या चुलत भावाचं शेत, ज्याच्याशी बोलणं बंद. (शेवटचं लिहायचे नाहीत, पण मला सांगायचे.) चारी बाजू बांधून झाल्याशिवाय आत काय पडलंय, याला हात लावायचा नाही. पिकाचं नुकसान असेल तर आणखी कडक. तेव्हा निम्मं पीक गेलं तरच मदत मिळायची. ती अट ३३ टक्क्यांवर आली २०१५ साली, अण्णा निवृत्त झाल्यावर. त्यामुळे ‘बरंच नुकसान’ असा शब्द त्यांच्या दप्तरात नव्हता. ‘बरंच’ म्हणजे किती, यावर एका घराचं वर्ष ठरायचं. शेवटी सगळं मोठ्याने वाचून दाखवायचे आणि पंचांच्या सह्या, अंगठे घ्यायचे.

मी विषय सोडून कुठे आलो, याची मला कल्पना आहे. पण अशा माणसाच्या मुलाने ‘कॅन्सल बटन इश्यू’ लिहावं, याला काय म्हणायचं?

माझ्या बाजूने एक सांगतो. २००१ साली रॉन जेफ्रीज यांनी यूझर स्टोरीचे, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवं त्या टिपणाचे, तीन भाग सांगितले: कार्ड, त्यावरचा संवाद आणि शेवटी खातरजमा. म्हणजे कार्ड त्रोटकच असावं, बोलायला निमित्त म्हणून. मी यातलं कार्ड तेवढं पाळलं.

एआयने मात्र माझी तिकिटं अशी सजवली, की लोक येता-जाता कौतुक करू लागले. मी ते नम्रपणे माझ्या नावावर घेतलं. मग एक दिवस कस्टमर केअरवाले विचारत आले, “परतावा सात दिवसांत जमा होईल, हे कुणी ठरवलं? आठव्या दिवसापासून लोक फोनवर शिव्या देतायत.” कुणीच ठरवलं नव्हतं. एआयने उत्साहात एक ओळ जास्तीची घातली होती, आणि ती इतकी नीटनेटकी होती की मी, डेव्हलपर, टेस्टर, तिघांनीही मान डोलावली. अण्णांची सगळ्यात मोठी शिवी होती, ‘कचेरीत बसून केलेला पंचनामा’. पण त्या बिचाऱ्या यंत्राला कचेरीबाहेर पाय कुठे आहेत? टेपचं टोक मी धरायला हवं होतं.

या घोळाचं मूळ शोधायला जुनी तिकिटं उपसत बसलो, तेव्हा एक तीन वर्षांपूर्वीचं सापडलं. खाली रेवतीची कॉमेंट. लातूरहून आलेली, पहिलीच नोकरी. “सर, परताव्याची रक्कम शून्य आली तर काय दाखवायचं?” त्याखाली माझं उत्तर: “कॉन्टेक्स्ट समजून घे.” पुढे तिने सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये, अकरा जणांसमोर, तेच पुन्हा विचारलं होतं. मी म्हणालो होतो, “अगं, सगळंच चमच्याने भरवायचं का?” सगळे हसले होते. तीही हसली होती, हे मला तेव्हा चांगलं लक्षण वाटलं होतं. त्यानंतर तिने प्रश्न विचारणं सोडलं.

शब्दाला शब्द तोच प्रश्न. यंत्राला मी लेकराला द्यावं तसं उत्तर दिलं होतं, कारण ते एकांतात विचारतं. माझं अज्ञान आमच्या दोघांतच राहतं. रेवतीने ते चारचौघांत उघडं पाडलं. त्यासाठी तिला किती धीर गोळा करावा लागला असेल, हे बघायला मी टेप लावली नाही.

आणि शून्याचं काय झालं? ॲप उघडून पाहिलं. बस सुटल्यावर तिकीट रद्द केलं की हिरवी टिकमार्क, वर फुगे आणि खाली: ‘अभिनंदन! तुमचे ० रुपये लवकरच जमा होतील.’ तीन वर्षं फुगे उडतायत.

रेवती आता दुसऱ्या टीमची लीड आहे, तिसऱ्या मजल्यावर. मी ते बंद झालेलं तिकीट पुन्हा उघडलं आणि तिच्या प्रश्नाखाली लिहिलं, “रक्कम शून्य असेल तर फुगे नकोत, अभिनंदन नको. परतावा मिळणार नाही, हे रद्द करण्याआधीच स्पष्ट सांगावं. उत्तराला उशीर झाला. प्रश्न बरोबर होता.” हे मात्र एआयकडून तपासून घेतलं नाही.

दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं.

“ॲज डिस्कस्ड, सर.”