दुसऱ्या रांगेतला नर्तक

न्यू ऑर्लीन्सला मुलाकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. 'बाबा, रविवारी सेकंड लाइनला जाऊ,' असं तो म्हणाला, तेव्हा रेशन, रॉकेल आणि रेल्वेच्या तिकिटासाठी रांगा लावण्यात जन्म गेलेल्या मला एकच प्रश्न पडला, की पहिली रांग असताना दुसरीत कशाला उभं राहायचं?

ट्रेमे या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत गेल्यावर उलगडा झाला. मिरवणुकीत पुढे, दोरीच्या आत, क्लबची मंडळी आणि ब्रास बँड, ती मुख्य ओळ. मागून नाचत येणारं पब्लिक, ती दुसरी. तिकीट नाही, पास नाही. आणि क्लब म्हणजे पत्त्यांचे नव्हेत बरं का! काळ्या माणसाला विमा मिळणं मुश्कील होतं त्या काळात वर्गणी काढून एकमेकांचं आजारपण आणि मयत निभावणाऱ्या या मंडळ्या. त्यांतली एक तर १८८४पासूनची. आमच्या सोसायटीत वर्गणीतून फक्त भांडणं निघतात.

चाळीस वर्षं गणपतीपुढे नाचल्यामुळे मी निर्धास्त होतो. मुलाने 'छत्री घ्या' म्हटल्यावर मी आपली मोडक्या काडीची काळी छत्री घेतली. तिथे सगळ्यांच्या छत्र्या झालरी-पिसांनी नटलेल्या, नवरीच्या करवल्यांसारख्या! तेवढ्यात बँडमधला अजस्र सूझाफोन कानाशी असा काही घुमला, की अंगात आलं, मी दोरीखालून वाकून थेट क्लबच्या सुटाबुटातल्या, पिसांचे पंखे हलवणाऱ्या मंडळींत शिरलो, छत्री उलटी झाली, रुमाल फडकवायला काढला तर त्यातली बडीशेप पुढच्याच्या हॅटवर सांडली, आणि एका गृहस्थांनी मला अतिशय प्रेमाने, हाताला धरून, दोरीबाहेर आणून सोडलं. हरवलेलं मूल पोचवतात तसं.

बाहेर सत्तरीच्या एक आजी नाचत होत्या. तेव्हा कुठे माझी चूक कळली. आपलं मिरवणुकीतलं नाचणं खांद्यांत आणि वर केलेल्या बोटात. यांचं सगळं पायांत. त्यांची टाच जमिनीला नुसती विचारून परत येत होती, माझी मात्र दर ठेक्याला आपटत होती. मिरवणूक चार तासांची. माझा गुडघा चाळीस मिनिटांचा.

घरी नातवाला सांभाळत बसलेल्या बायकोला मुलाने व्हिडिओ दाखवला. तिने तो दोनदा पाहिला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिला आणि विचारलं, ''मग, थांबली का शेवटी रिक्षा?''