बाई येईपर्यंत

जिल्हा परिषदेच्या शाळेत खोलीतून कुजबुज ऐकू येत असेल तर बाई वर्गात आहेत असं समजावं. ‘गप्प बसा रेऽऽ’ अशी आरोळी येत असेल तर वर्ग मॉनिटरच्या ताब्यात आहे. शांतता राखण्यासाठी इतका आवाज लागतो हे बाहेरच्याला पटत नाही. आरोळी देणारी असते चौथीतली, दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी घातलेली, कोपरापर्यंत खडूने माखलेली. मुलगेही मॉनिटर होतात, नाही असं नाही; पण आठवडाभरात ते स्वतःच दंग्यात सामील होतात आणि खडू परत तिच्याकडे येतो.

या पदाला शासन निर्णय नाही की मानधन नाही. पण त्याची सोय मात्र कायद्यानेच करून ठेवली आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. वर्ग चार, शिक्षक दोन. म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता. तिसरीची तोंडं या फळ्याकडे, चौथीची त्या. कागदावर हा भागाकार निःशेष जातो. प्रत्यक्षात गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेलेले असतात आणि बाई व्हरांड्याच्या टोकाला मोबाइल उंच धरून रेंज शोधत असतात, कारण ‘माहिती बारापर्यंत भरावी’ असा निरोप पावणेबाराला आलेला असतो. माहिती भरून झाली की मतदार यादीचं काम असतंच. या भागाकारात जी बाकी उरते, ती मॉनिटरच्या पदरात.

तिचा दिवस परिपाठाने सुरू होतो. ‘सावधान’ ती अशी म्हणते की झाडावरचे कावळेसुद्धा सरळ बसतात. प्रतिज्ञा तीच सांगते. ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. पहिलीची रांग ती म्हणते तेव्हा मराठी अनुवाद अजून व्हायचाच आहे असं वाटतं. पण मॉनिटरचं लक्ष उच्चाराकडे नसतंच, ते असतं पुढे धरलेल्या हातांकडे. कोणाचा कोपर वाकला, कोण पुढच्याच्या पाठीला बोट लावतोय, कोण एक डोळा उघडा ठेवून राष्ट्रगीत म्हणतोय, सगळं टिपलं जातं. राष्ट्रगीताला डोळे मिटायचे असतात हा नियम तिचा स्वतःचा. आणि तो मोडणारा तिला दिसतो कसा, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

पाढ्यांच्या वेळी तिची खरी पारख दिसते. नुसते ओठ हलवणारे तिला पाठमोरं उभं राहूनही कळतात. तेराच्या पाढ्यात ‘तेरा साते’ला सगळ्या वर्गाचा आवाज विहिरीत पडतो आणि ‘तेरा दाहे’ला पुन्हा वर येतो. मधल्या अंतरात एकटी तीच ऐकू येते. तिचं ‘एक्क्याण्णव’ बरोबर असतं म्हणून नव्हे, तर ती ते ठासून म्हणते म्हणून कोणी शंका घेत नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा मोठ्या माणसांनी पार विधानसभेपर्यंत भांडण नेलं होतं. तिच्या वर्गात कोणी कसंही म्हणा, सूर बिघडता कामा नये.

शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारायला बंदी घातली आणि गुरुजींच्या हातातली छडी गेली. मॉनिटरच्या हातातला खडू मात्र कोणत्याच कलमात बसत नाही. बाईंची पाठ वळली की ती फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखते, वर लिहिते ‘बोलनारी मुले’ आणि खाली नावं. पुन्हा बोललं की नावापुढे फुली, आणखी बोललं की आणखी एक. बाई आल्यावर या फुल्यांचं पुढे काय होतं, तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. बाई डस्टर घेतात आणि पुसून टाकतात. तरीही स्वतःचं नाव फळ्यावर पाहून पोरांच्या पोटात गोळा येतो तो येतोच.

एकदा अशा एका वर्गात मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो. तिने लिहिलं, ‘साथर्क’. तिसरीच्या बाजूने एक बुटका उठला.

‘हा मी नाही.’

‘तूच हायेस.’

‘माझा रफार थ वर असतो. हा क वर हाय. हा दुसराच कोणीतरी.’

वर्ग गार. मराठी शुद्धलेखनाची इतकी कळकळ मी साहित्य संमेलनातही पाहिलेली नाही. मॉनिटरने फळ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, रफाराला हातही लावला नाही आणि नावापुढे फुली मारली. ‘ही उभं राहून बोलल्याची.’

तडजोडी नसतात असं मात्र कोणी समजू नये. मधल्या सुट्टीच्या आधी मीठ-तिखट लावलेली चिंच बाकाखालून पुढे सरकते आणि सुट्टीनंतर फळ्यावरचं एखादं नाव ओढणीच्या टोकाने गेलेलं असतं. मैत्रिणीचं नाव ती लिहिते, पण इतकं बारीक की बाईंना चष्म्यातूनही दिसू नये. शाईच्या पेनाने पक्कं कारस्थान करणारी माणसं मोठेपणी भेटतात. त्यांचं सगळं शिक्षण खडूवर झालेलं असतं.

खिचडीच्या वेळी ती वाढणाऱ्या मावशींच्या शेजारी उभी. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ असं सरकारी माप आहे, तिचं माप डोळ्यांत आहे. ‘त्याला कमी घाला मावशी, तो टाकतो.’ ‘हिला अजून, ही लाजते.’ आधी शिक्षकांनी चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतं; बाई चमचा तोंडाकडे नेतात तोवर ती म्हणते, ‘मीठ बरोबर हाय, बाई.’ आणि बाई तसं लिहितात. हे सगळं पाहून मला तिची थट्टा पुढे रेटवत नाही. रडणाऱ्या पहिलीवाल्याला नळावर नेऊन नाक पुसून आणणारी तीच, आणि वर त्याला ‘पुन्हा रडलास तर नाव लिहीन’ असं सांगणारीही तीच.

केंद्रप्रमुख आले की ‘एक साथ नमस्ते’ तिच्याच गळ्यातून निघतं. साहेब विचारतात, ‘बाई रोज शिकवतात का?’ अशा वेळी वर्ग तिच्याकडे पाहतो, बाईही पाहतात. ती म्हणते, ‘हो सर, आत्तासुद्धा शिकवतच होत्या.’ साहेबांच्या मागे फळ्यावर नावांची चौकट तशीच असते.

मग चौथी संपते. पाचवीला शेजारच्या गावची शाळा, चारही बाजूंनी आलेली अनोळखी पोरं आणि तिथला मॉनिटर एक उंच, मिशी फुटायला आलेला मुलगा. पहिल्याच दिवशी ती शेजारणीला काहीतरी सांगायला वळते आणि फळ्यावर तिचं नाव. वर्ग वळून नवीन पोरगी रडते का ते बघतो. ती उभी राहते.

‘दादा, तुमच्यात फुली किती वेळा बोलल्यावर मारतात?’